हाकेचा भार

कुशे, तुझ्या क्लासच्या उरलेल्या झेरॉक्सच्या पाठकोऱ्या बाजूवर हे लिहिते आहे. पुढच्या बाजूला तुझी इटालियन क्रियापदं आहेत, तुकडे पाडलेली, आणि जिथे भार द्यायचा त्या तुकड्याच्या डोक्यावर तुझी ती तिरपी रेघ. कागद पातळ आहे. माझ्या अक्षरांच्या खालून तुझ्या रेघा दिसतात.

हे कुणाला दाखवायचं नाही. समोर चार माणसं बसली की माझी जीभ टाळूला चिकटते, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. तुला घरी आणलं तेव्हा गावाकडून टेम्पो भरून बायका आल्या होत्या. एकमेकींच्या गळ्यात पडून हेल काढून रडत होत्या. मी भिंतीला टेकून बसले होते. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "हिच्या डोळ्याला पाणीच न्हाई. नवऱ्याच्या वक्तालाबी न्हवतं." हळूच म्हणाली, पण मला ऐकू आलं. तू असतीस तर तिथल्या तिथे तिला सुनावलं असतंस. तू समोरच होतीस, पांढऱ्या कपड्यात, नाकात कापूस घालून.

माझं रडणं कुठे अडकलं आहे ते तुला माहीत होतं. त्यावरून एकदाच भांडलीस आणि नंतर कधी विषय काढला नाहीस. मला उत्तर द्यायचं राहून गेलं. आज ते लिहायला बसले आहे, आणि बघ, अजून इकडचं तिकडचंच लिहिते आहे.

त्या पहाटेपासूनच सुरू करावं लागेल. मी बाहेर बसले होते, म्हणून परसातल्या पत्र्याखाली वेगळी निजले होते. आत माळवदाखाली तू आणि तुझा दादा. मला लग्न होऊन त्या घरात येऊन फार दिवस झाले नव्हते. तुझी वेणी घालायला मला शिकवायचं काम तूच केलं होतंस, कारण आई तुला आधीच सोडून गेली होती. जमीन हलली. माझ्या अंगावर पत्रा पडला, तो मी उचलून बाजूला केला. उठून बघते तर घराच्या जागी दगडमातीचा ढीग, आणि गल्ली कुठली तेही कळेना.

अंधार फिटायला लागला तशा वाचलेल्या बायका आपापल्या ढिगावर चढून हाका मारायला लागल्या. लेकरांची नावं घेत होत्या, धाकट्या दिरांची घेत होत्या. कुठून कुठून खालून ओ येत होती. नवऱ्याला हाक मारणाऱ्या मात्र सगळ्या एकच हाक मारत होत्या. अहो. अहो, ऐकलं का. अहो, कुठं हाव. नवऱ्याचं नाव आमच्या तोंडात कधी आलंच नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही मान खाली घालून. ज्यांना लेकरं होती त्या निदान 'बाळूचे बा' म्हणत होत्या. मला लेकरू नव्हतं. माझ्याकडे नुसतं अहो होतं. आख्ख्या गल्लीतून तोच एक शब्द येत होता, आणि माझा त्यात कुठला ते मला स्वतःलाही ओळखू येत नव्हतं.

तुला नावानं हाक मारता येत होती. कुशेऽऽ म्हणाले, आणि खालून तुझा आवाज आला. आधी नुसतं "वै". मग थांबलीस. मग "नी".

शेजारचे म्हातारे, त्यांची सून आणि मी, आम्ही तिघांनी उकरलं. एक मोडका टिकाव आणि माती काढायला भाकरीची परात. दर थोड्या वेळानं मी कुशे म्हणायचे आणि तू ओ द्यायचीस, त्यावरून कुठे खणायचं ते कळायचं. मधून मधून मी अहो म्हणायचे. दुपार कलली तेव्हा तू निघालीस. उजवा पाय तुळईखाली होता, आणि बाहेर आल्यावर तुझ्या तोंडून शब्द निघत नव्हता. तुला ट्रॅक्टरमधून नेलं, आणि मी ढिगावर राहिले.

मिलिटरीची माणसं आली ती नंतर. त्यातल्या एका जवानानं कान लावला, हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मला म्हणाला, "नाम लेके पुकारो, बहनजी." मी अहो म्हणाले. तो म्हणाला, "नाम, नाम." त्याचा माझ्यावर राग नव्हता, त्याला कळतच नव्हतं. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्यांनी माझ्या वतीनं नाव सांगितलं आणि त्या जवानानं त्याच्या बोलीत, वेड्यावाकड्या उच्चारानं, तुझ्या दादाला हाक मारली. आतून काही आलं नाही.

तू तेव्हा औशाच्या रस्त्यावर, परदेशी लोकांनी तंबूत मांडलेल्या दवाखान्यात होतीस. मी आले तेव्हा तुझ्या पायाला प्लास्टर होतं आणि तुला बोलता येत नव्हतं. म्हणजे येत होतं, पण एका दमात शब्द पुरा होत नव्हता. पाणी मागायचं तर 'पा' म्हणायचीस, छाती भरून श्वास घ्यायचीस, मग 'णी'. डॉक्टर म्हणाले छातीत काही नाही, भीती आहे, जाईल. बाकीचे लोक तुझा शब्द तूच पुरा करायच्या आत पुरा करून टाकायचे. मीसुद्धा.

लुचिया सिस्टर तसं करायची नाही. पिकल्या केसांची, इटलीतून आलेली नर्स, माझ्याहून लाजरी. तिला मराठी येत नव्हतं, हिंदीही दोन-चार शब्द. ती तुझ्या छातीवर हात ठेवून म्हणायची, रे-स्पी-रा. श्वास घे. 'रे' हळू, 'स्पी' जोरात, 'रा' परत हळू. 'स्पी'ला तिचा हात जरा दाबायचा. मग टाळ्या आल्या. एका तुकड्याला एक टाळी, आणि ज्याच्यावर भार त्याला मोठी टाळी. तुझं तुटक बोलणं तिला तसंच चालत होतं. तिच्या भाषेतले शब्द ती तशीच तोडून तुझ्यापुढे ठेवायची, पोराला भाकरीचे तुकडे करून द्यावेत तसे, आणि तू एकेक उचलायचीस.

पहिलं क्रियापद हाक मारण्याचं होतं. तिकडे नाव सांगायचं तर मी स्वतःला अमुक हाक मारते, असं म्हणतात. स्वतःच्या छातीवर बोट ठेवून ती म्हणाली, "मी क्यामो लुचिया." तुला वाटलं ती मराठीच बोलली. तू हसलीस. त्या पहाटेनंतर पहिल्यांदा हसलीस. मग तुझं नाव सांगितलंस आणि तिनं ते टाळ्या देऊन म्हटलं, कु-शा-वाऽर्-ता. त्या 'वर्'वर आपल्यातलं कुणी कधी थांबलं नव्हतं. पुढे कितीतरी दिवस तू तुझं नाव तसंच सांगायचीस.

तिनं मलाही विचारलं, "कोमे ती क्यामी?" मी पदर तोंडात धरला. मग माझ्या मोकळ्या गळ्याकडे बघून हलक्या आवाजात तिनं अजून काही विचारलं. तुला कळलं. तू तीन टाळ्या वाजवून तुझ्या दादाचं नाव सांगितलंस. मी तंबूच्या बाहेर गेले.

पुढचं सगळं तुला माहीत आहे, पण लिहिताना बरं वाटतं. पत्र्याचं शेड, मग नव्या गावठाणातल्या त्या एकसारख्या खोल्या, ज्यात आपलं घर ओळखायला तू दाराला निळा रंग दिलास. लुचिया सिस्टर दोन-तीन पावसाळे राहिली आणि तुला रोज शिकवत गेली. जाताना तिचं व्याकरणाचं जाडं पुस्तक देऊन गेली. तू नर्सिंगला लातूरला लागलीस आणि मी तुझ्याबरोबर आले, पोरांचे डबे करायला. तेव्हा गल्ल्यागल्ल्यांत क्लास निघत होते. डाळ मिलच्या गोदामात फिजिक्स, वरच्या मजल्यावर केमिस्ट्री, तळघरात झोपायची सोय. गावागावांतून पोरं येत होती आणि सगळ्यांना भाकरी लागत होती. आपलं त्यावर निभलं.

तुला इटलीला जायचं होतं. कागद झाले, भाषेची परीक्षा झाली, त्या परीक्षेत तुझ्यापुढे कुणी गेलं नाही. मग तब्येतीच्या तपासणीत तुझा पाय आडवा आला. त्या दिवशी तू घरी येऊन चप्पल काढलीस, जेवलीस, आणि म्हणालीस, "वैनी, मी न्हाई तर न्हाई. दुसऱ्यांना पाठवीन." पुढच्याच महिन्यात दारावर पाटी लागली, नर्सेससाठी इटालियन. एका बाजूला गणिताची पाटी, दुसऱ्या बाजूला बायोलॉजीची, मधे तुझी इटली. निलंग्याकडचा एक बाप पोराला घेऊन चुकून आपल्याकडे आला होता, आठवतं का? त्यानं विचारलं, "म्याडम, ह्याच्यानं मेडिकलला किती मार्क वाढतेत?" तू गंभीर चेहऱ्यानं म्हणालीस, "मार्क वाढत न्हाईत काका, पोरगं लांब जातंय." तो खरंच विचारात पडला.

जो देश तू पाहिला नाहीस तिथलं बोलणं तू त्या पुढच्या खोलीत शिकवत होतीस. शनिवारी एसटीनं नांदेडला जायचीस, तिथल्या नर्सेसच्या वसतिगृहात रविवारचा क्लास घ्यायचीस आणि परत यायचीस. कित्येकजणी गेल्या. फोनवर त्यांचे आवाज यायचे. तू फोन कानाला लावून डोळे मिटायचीस आणि मधेच म्हणायचीस, "भार चुकला, परत म्हण."

चालायला घेतलेली काठी तू शिकवायलाही वापरायचीस. एका तुकड्याला एक ठोका. शब्द कुठे तोडायचा यावर पोरी अडायच्या. वाट बघण्याचं ते क्रियापद, त्या अस-पेत-तो म्हणायच्या. तू काठी आपटायचीस. अ-स्पेत-तो. 'स' मागच्याच्या पदरी राहत नाही, पुढच्याचा हात धरून जातो, आणि जोडीनं आलेली अक्षरं मात्र एकेक वाटून घ्यायची. मग भार. क्या-मो, क्या-मी, क्या-मा, मी हाक मारते, तू मारतोस, ती मारते, सगळ्यांत भार पहिल्यावर. क्या-म्या-मो, आपण मारतो, भार पुढे सरकला. क्या-मा-ते, तुम्ही मारता, पुढेच राहिला. आणि क्या-मा-नो, ते हाक मारतात, इथे प्रत्येक बॅच चुकायची. आपण आणि तुम्ही म्हणून झालेलं असायचं, त्याच ओघात पोरी 'मा'वर जोर द्यायच्या. काठी आपटायची. "मागं. ते म्हणलं की भार मागं जातो. मी म्हणताना जिथं होता तिथंच." एखादी विचारायची, का मॅडम? तू म्हणायचीस, "का म्हणून इचारू नका. तसंच हाय ते. पाठ करा."

राहण्याचं क्रियापद आलं की मी स्वयंपाकघरात हात थांबवायचे. आ-बी-ता-नो. ते राहतात. भार अगदी पहिल्यावर, मग तीन हलके तुकडे एकामागून एक. एकदा तू पोरींना सांगितलंस, "तुळई पडली की मागून माती येते, तसं म्हणा." पोरी हसल्या. त्यांच्यातली एकही भूकंपाच्या वेळी जन्मलेली नव्हती. तूही त्यांच्याबरोबर हसलीस. मी परातीकडे बघत राहिले.

तुझ्या क्लासच्या वेळी माझ्या डब्यांच्या भाकरी व्हायच्या. थापता थापता हात तुझ्या काठीला जुळायचा आणि कधी पुढे निघून जायचा. तू आतून ओरडायचीस, "वैनी, तुमी पुढं पळू नका, पोरी बावचळायल्यात." सगळ्या खिदळायच्या. मला लाज वाटायची, आणि आवडायचंही. एवढ्या लोकांत माझा आवाज धरला जायचा तो असा, हातातून.

आता त्या भांडणाचं. डब्यांवर पोरांची नावं लिहायची तूच मला सवय लावलीस, म्हणजे शाळेत गेलेलं वाया जाणार नाही म्हणालीस. पट्टी चिकटवून मी ठळक नावं लिहायचे. एका वर्षी एक पोरगा आला, त्याचं नाव तुझ्या दादाचंच. त्याच्या डब्यावर मी फुली मारली. सगळ्यांच्या डब्यावर नाव आणि त्याच्या डब्यावर फुली. पोरं त्याला फुली म्हणायला लागली. एकदा तो दारात उभा राहून म्हणाला, "काकू, माझ्याच डब्याला फुली का हो? माझं नाव खराब हाय का?" मी आत गेले. तू म्हणालीस, "खराब न्हाई रे, लई जड हाय." त्याला हसवून पाठवलंस, दार लावलंस आणि आत आलीस.

मी तव्यावर भाकरी टाकली होती. तू म्हणालीस, "लिहायलाबी न्हाई? माणूस जाऊन इतकी वर्षं झाली वैनी, लिहायलाबी जीव जातो?"

मी म्हणाले, राहू दे गं.

"राहू देऊन देऊनच गेला त्यो." तुझा आवाज चढला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "तुमाला कधी सांगितलं न्हाई. दादा जिता होता. माझ्या पलीकडं होता, बोलायला होता. मला म्हणला, कुशे, कुणाची बायको वरडायलीय गं? सगळ्याच अहो म्हणायल्यात."

भाकरी करपली. मी ती उलटली, मग खाली काढली, मग दुसरी थापायला घेतली. तू काठीचा आवाज करत बाहेर गेलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याआधी उठून चहा केलास आणि कप माझ्यासमोर ठेवलास. त्या पोराच्या डब्यावर फुलीच राहिली. तू पुन्हा कधी काही म्हणाली नाहीस, आणि मी तर काय.

पण मी उत्तर जुळवत होते, कुशे. इतकी वर्षं, भाकरी थापताना, बाजारात, बसमध्ये. ते असं होतं. समज, मी नावानं हाक मारली असती. समज, त्यांनी ओ दिली असती. मग? हात तेवढेच होते. टिकाव एक होता आणि तो मोडका होता. तुला काढायलाच दुपार झाली. एका बाजूनं तू ओ देते आहेस आणि दुसऱ्या बाजूनं ते, तर मी परात घेऊन कुठल्या बाजूला गेले असते? तू हे मला कधी विचारलं नाहीस. तुला कधी सुचलं नसेल, किंवा सुचलं असेल म्हणूनच विचारलं नसशील. मला रोज सुचायचं. नवीन लग्न झालेली बायको होते मी. मी तुझ्याकडे आले असते अशी शपथ घेऊन सांगता येत नाही. त्या 'अहो'नं त्यांना माझ्यापासून तोडलं हे खरं. पण त्या ढिगावर मला त्या दोन आवाजांच्या मधे उभं राहावं लागलं नाही, आणि तू मिळालीस. एवढी वर्षं मिळालीस. हे उत्तर तोंडातून काढायचं तर आधी नाव घ्यावं लागलं असतं, आणि तू मिळाल्याचा आनंद सांगायचा तर त्यांच्या जाण्यावर पाय देऊन सांगावा लागला असता. म्हणून भाकरी थापत राहिले.

मग नांदेडहून फोन आला. रविवारच्या क्लासमध्ये तुला दम लागला, पोरींनीच तुला दवाखान्यात नेलं. मी मिळाली ती एसटी धरली. तुझ्या तोंडावर प्राणवायूचा मास्क होता आणि तू परत तशीच झाली होतीस, एक तुकडा, दम, मग दुसरा. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं बसली आहेत, बघू. या वेळी भीती आहे असं कुणी म्हणालं नाही. मला वाटलं मी परत त्या तंबूत आले आहे, फक्त सिस्टर नाही. म्हणून मीच तुझ्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, रे-स्पी-रा. तुझे डोळे हसले. मी 'रे'वर जोर दिला होता. तू मान हलवलीस, चूक म्हणून.

तिसऱ्या प्रहरी, ऊन खिडकीतून गादीवर आलं होतं तेव्हा, तू मास्क बाजूला केलास. मी परत लावायला गेले तर माझं मनगट धरलंस. तुझं बोलणं सलग लिहिते, तू सलग बोलली नव्हतीस. "वैनी, त्या दिवशी आर्धंच सांगितलं. दादानं इचारलं तवा मला सांगता आलं असतं, वैनी हाय म्हणून. तोंडात माती होती. एकाच शब्दाचा दम होता. म्हणलं, तुमी परत कुशे म्हणताल, तवा ओ द्यावी लागंल. म्हणून ठिवला."

मी मास्क परत लावला. तू माझ्याकडे बघत होतीस. मी काहीतरी म्हणायला हवं होतं ना, आणि सगळं होतं माझ्याजवळ, जुळवून ठेवलेलं. बाजूच्या खाटेवरच्या बाईचे नातेवाईक बसले होते. मी तुझी वेणी मोडली आणि परत घातली.

आता म्हणते. पोर होतीस तू. अंगावर घर होतं. एका दमाची तेवढी पुंजी होती आणि ती तू माझ्या हाकेसाठी ठेवलीस. माझ्याच हाकेसाठी ना? मग त्यात मी काय माफ करायचं? तू माझ्यावर राग धरला होतास असं मी समजत होते. तू तो त्या दिवशीसुद्धा स्वतःवरच काढत होतीस, आणि मी गप्प बसून तुला तो एकटीला वाहू दिला.

दुसऱ्या दिवशी तुझे डोळे मिटले ते उघडेनात. नर्स मला म्हणाली, "काकू, नावानं हाक मारा, त्यांना ऐकू जातं." ती तुझीच विद्यार्थिनी होती. मी तुझ्या कानाशी वाकले. कुशे म्हणाले. परत म्हणाले. मग मला भान राहिलं नाही आणि त्या ढिगावर मारली होती तशी मारली, कुशेऽऽ, सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. मी थांबले आणि ऐकत राहिले. मला सवय होती, माझ्या हाकेनंतर थोडा वेळ जातो, मग ओ येते.

तेरावा झाला. गावची माणसं गेली. परवा दुपारी तुझ्या शेवटच्या बॅचच्या पोरी आल्या, पाचसहाजणी, दोघी नांदेडहून. चपला काढून दारात घुटमळत राहिल्या. त्यांची तोंडी परीक्षा आजच्या तारखेला होती, पुढे ढकलली नाही. म्हणाल्या, "काकू, एकदा इथं बसून म्हणू का? मॅडमच्या खोलीत?" मी सतरंजी अंथरली. त्यांनी सुरू केलं आणि सगळ्या ठेचाळायला लागल्या, कारण ठोका नव्हता. मग त्यांच्यातल्या अर्चनानं दारामागून काठी आणली आणि माझ्या हातात दिली. मी नको नको म्हणाले. ती म्हणाली, "तुमचा हात तर आमच्या आधी पळायचा, काकू."

मी काठी जमिनीवर मारायला लागले. क्या-मो, क्या-मी, क्या-मा. आपण. तुम्ही. आणि ते म्हणताना सगळ्यांचा जोर 'मा'वर गेला. मी नुसती काठी आपटली. त्या आपोआप मागे गेल्या. परत म्हणाल्या, बरोबर. दोघी रडायला लागल्या, मग डोळे पुसून पुढे गेल्या.

त्यानंतर प्रश्नांची फेरी. परीक्षेत विचारतात तसे एकीनं दुसरीला विचारायचे. नाव काय, राहतेस कुठे, वडिलांचं नाव, नवऱ्याचं नाव. फेरी फिरत फिरत माझ्या शेजारच्या पोरीपाशी आली. तिनं उत्तर दिलं आणि पुढचा प्रश्न विचारायला वळली, तर पुढे मी होते. तिच्या ध्यानात आलं नाही, तिची नजर कागदावर होती. तिनं मला विचारलं, "कोमे सी क्यामा सुओ मारीतो?" तुमच्या नवऱ्याला काय हाक मारतात?

अर्चना म्हणाली, "अगं, काकूंना काय—"

मी काठी उचलली होती, ती तशीच हातात होती. पहिला ठोका पडला तेव्हा मला वाटलं तो माझ्या हातानं पडला नाही.

म-हा-दू.

तीन ठोके. आवाज फाटला होता, पण पुरा निघाला. इटालियन वाक्य करायला मला येत नाही, नुसतं नावच म्हणाले. अर्चनानं मान डोलावली, बरोबर म्हणून, आणि पुढच्या मुलीनं पुढचा प्रश्न विचारला. फेरी पुढे गेली. कुणाला काही कळलं नाही. मी ऐकत राहिले थोडा वेळ, सवयीनं. बाहेर क्लास सुटला होता, पोरांच्या सायकली निघाल्या होत्या.

आज त्या परीक्षेला गेल्या आहेत. घरात कुणी नाही. मी ते नाव इथे लिहून पाहिलं, आणि तू घालतेस तशी तिरपी रेघ घालायला गेले. परवा भार कुठे दिला होता ते आठवून बघितलं. शेवटच्या तुकड्यावर दिला होता, आणि लांबवला होता. महादूऽऽ. तू असतीस तर काठी आपटून म्हणाली असतीस, नाव सांगताना असं सांगत नाहीत वैनी, हाक मारताना म्हणतात.

हो, कुशे.